दिवा गेला की अख्खा संच बदला?

मोटारींचा दुरुस्ती खर्च वाढण्यास सुट्या भागांची महागाई कारणीभूत असल्याचे आपल्या अंकातील लेखात म्हटले आहे. ते अर्धेच खरे आहे. खर्चाचे मूळ डिझाइनमध्येच असते. पूर्वी दिव्याचा हॅलोजन बल्ब पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानातून काहीशे रुपयांत आणून दहा मिनिटांत बसवता येई. माझ्या सहा वर्षांच्या गाडीचा एलईडी दिवा गेला, तेव्हा आतला भाग सुटा मिळतच नाही, पूर्ण संच बदलावा लागेल, असे सांगण्यात आले. खर्च २२ हजार! एलईडी जास्त टिकतो हे मान्य. पण तो गेल्यावर ग्राहकाने काय करायचे, याचा विचार कोणी केला?

सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. मात्र जो भाग सुटा बनवलेलाच नाही, तो बाजारात येणार कोठून? दिवे, इंजिनातील टायमिंग बेल्ट अशा भागांच्या बदलीचा खर्च विक्रीच्या वेळीच लेखी देणे बंधनकारक करावे. वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय संस्था पुण्यातच आहे. तेथे दुरुस्तीची सुलभताही तपासली जावी, असा नियम केंद्राने करावा.

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे