आवळणं वेगळं, पिळणं वेगळं, कंबर कसणं तर त्याहून वेगळं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात महागाईच्या बातमीला 'मध्यमवर्गाने कंबर कसली' असं हेडिंग होतं, आणि खाली मजकूर काय, तर लोकांनी हॉटेलिंग कमी केलं, नवीन गाडी पुढे ढकलली. अहो हे इंग्रजीतलं बेल्ट टाइट करणं सरळ उचललंय! तिकडे बेल्ट आवळला म्हणजे खर्चाला कात्री लागली, आपल्याकडे त्याला पोटाला चिमटा काढणं म्हणतात. मराठीत कंबर कसलेला माणूस कामाला लागतो, आणि निवडणुकीला कंबर कसणारे खर्च कमी करतात का ते आम्ही ठाणेकर बघतोच.

मी वर्तकनगरला दहावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. आवळणे, दाबणे, पिळणे या सगळ्याला मुलं एकच 'प्रेस' ठोकून देतात. लिंबू पिळलं तर स्क्वीझ, टूथपेस्टची ट्यूब दाबली तरी स्क्वीझच, पण चादर पिळली की रिंग, तेही डब्ल्यूवालं, कारण त्यात पीळ घालतात. नट पान्याने आवळला की टाइटन. आपली चप्पल चावते, त्यांचा बूट पिंच करतो म्हणजे चिमटे काढतो. मुलांना हे आवडतं, लक्षातही राहतं.

पेपरात मात्र उलटं चाललंय, शब्द आहे तसा देवनागरीत टाकायचा की झालं. इराणजवळच्या चिंचोळ्या समुद्राला 'होर्मुझ स्ट्रेट' लिहिता, आता सरळ या अर्थाचा स्ट्रेट आणि अरुंद पाण्याचा स्ट्रेट इंग्रजीत निदान स्पेलिंगने तरी वेगळे कळतात, देवनागरीत दोन्ही सेम. सामुद्रधुनी हा इतका छान शब्द शाळेच्या भूगोलात सगळे शिकलेत की. तिथे सगळ्यात अरुंद जागी रुंदी जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर आहे, म्हणून तर तेलाच्या जहाजांची एवढी काळजी. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो रेट, म्हणजे बँकांना ती कर्ज देते तो व्याजदर, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला तेव्हा 'टायटनिंग' वाचून वाचून कंटाळा आला होता, कर्ज महाग केलं म्हणा ना सरळ. बॉटलनेक चालेल, जुन्या अरुंद कोपरी पुलाने तो ठाणेकरांना घरचा करून दिलाय.

हे सगळं एकवेळ सोडून देईन, पण आरोग्याच्या पानाचं सोडवत नाही. मागे हृदयविकारावरच्या लेखात स्टेनोसिस, स्पाझम, अँजायना सगळं एका ओळीत होतं आणि अर्थ एकाचाही नाही. स्टेनोसिस म्हणजे नळी किंवा झडप अरुंद झालेली, ती आपोआप रुंद होत नाही. स्पाझममध्ये नळी आवळते आणि परत सैल पडते. आणि अँजायनाला, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत होणाऱ्या त्रासाला, तर तुम्ही 'छातीत तीव्र वेदना' म्हणून मोकळे झालात. विल्यम हेबर्डेन या इंग्रज डॉक्टरांनी १७७२ मध्ये छापलेल्या लेखात हे नाव वापरलं ते पेशंटना गळा आवळल्यासारखं होतं म्हणून, मुळातल्या लॅटिन शब्दात आवळणंच आहे. आपल्याकडची माणसंही तेच सांगतात, छाती आवळल्यासारखी वाटते, कोणीतरी वर बसल्यासारखं वाटतं, दुखतं असं कित्येक जण म्हणतच नाहीत. मग पेपरात तीव्र वेदना वाचलेला माणूस स्टेशनचा जिना चढताना छाती आवळली तर काय म्हणणार, गॅस झाला असेल, आणि सोडा पिऊन लोकल पकडणार.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांच्या सदरात एवढं छापाच की चालताना, जिना चढताना छाती आवळली आणि थांबल्यावर पाच मिनिटांत सैल पडली तरी ते हृदयाचं असू शकतं, लवकर दाखवून घ्या, आणि थांबूनही कमी होत नसेल तर घरी न जाता थेट हॉस्पिटल गाठा. जागा कमी पडत असेल तर माझं हे पत्र कापा, चालेल.

एक वाचक, वर्तकनगर, ठाणे (प.)