स्की रिसॉर्टचा वारसा देताना आधी दोर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेल्या स्की रिसॉर्टचा विषय निघाला की चर्चा हटकून एकाच प्रश्नाभोवती फिरते : पुढच्या पिढीला यात रस आहे का? स्कीपटूंना दोरावरच्या खुर्च्यांतून डोंगरावर नेणारी लिफ्ट आणि कृत्रिम बर्फाची यंत्रणा सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींना त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हाती येणाऱ्या यंत्रांचे आयुष्य किती उरले आहे, आणि ते कुठे लिहून ठेवले आहे का? मुलांना डोंगर नकोसा झाला म्हणून तो विकला, असे सांगितले जाते. अनेकदा खरे कारण वेगळे असते. आजोबांनी आणि वडिलांनी पुढे ढकललेली दुरुस्ती नातवंडांच्या अंगावर एकदम येते.

खुर्च्यांच्या लिफ्टचा दोर घ्या. तो अखंड वाटला तरी त्याची दोन टोके एकमेकांत विणून जोडलेली असतात. हा जोड दोराच्या जाडीच्या किमान १२०० पट लांब ठेवतात. ४० मिलिमीटरच्या दोराला तो ४८ मीटर होतो. नवा दोर ताणला जातो, मग तो कापून पुन्हा विणावा लागतो. स्थिर पकडीच्या लिफ्टमध्ये खुर्ची दोराला कायमची आवळलेली असते. प्रत्येक कप्पीवरून जाताना दोर पकडीच्या तोंडाशी वाकतो आणि तिथल्या तारा थकतात. म्हणून ठरावीक काळाने सगळ्या पकडी सोडवून दोरावर थोड्या पुढे सरकवतात, आणि दर वेळी त्याच दिशेने. काम कंटाळवाणे आहे, पाहुण्यांना ते दिसतही नाही, त्यामुळे पैशांची ओढाताण झाली की पहिली टाळाटाळ इथेच होते. तुटलेली तार पकडीखाली झाकलेली राहते. दोराच्या आतली झीज चुंबकीय तपासणीत कळते, पण एका वर्षीच्या आलेखावरून फारसे समजत नाही. मागच्या सगळ्या वर्षांचे आलेख शेजारी ठेवले तरच झीज किती वेगाने वाढते आहे ते दिसते. ते कागद सापडत नसतील, तर दोराचा इतिहास वारसाला मिळालाच नाही असे समजावे.

जुन्या लिफ्टचा आणखी एक पेच. हॉल, रिब्लेट यांच्यासारखे निर्माते आता राहिले नाहीत. रिब्लेटच्या लिफ्टमध्ये खुर्चीचा क्लिप दोराला बाहेरून आवळलेला नसतो, दोराच्या लडी उघडून आत बसवलेला असतो. तो हलवण्याचे कौशल्य ज्याच्या हातात आहे, तो मेकॅनिक निवृत्त होण्याआधी त्याच्या हाताखाली कुणीतरी तयार व्हायला हवे. कुटुंबाच्या वारसापत्रात या मेकॅनिकचे नाव नसते. आमच्या मते त्याचा वारसदार मालकाच्या वारसदाराइतकाच काळजीपूर्वक निवडावा.

ब्रेकबाबत तडजोड नको. रोजचा ब्रेक मोटरच्या बाजूच्या वेगवान दांड्यावर असतो. गिअरबॉक्समध्ये काही तुटले तर त्याचा दोर फिरवणाऱ्या मोठ्या चाकाशी संबंधच उरत नाही, आणि भरलेल्या खुर्च्या उताराकडे उलट्या धावू लागतात. तेव्हा वाचवतो तो थेट मोठ्या चाकावर बसवलेला ब्रेक. १६ मार्च २०१८ रोजी जॉर्जिया या देशातल्या गुदौरी इथे खुर्च्या उलट्या धावल्याची दृश्ये जगाने पाहिली. रिकाम्या लिफ्टवर ब्रेक लागला म्हणजे तो चालतो असे नाही. चढणीच्या खुर्च्यांवर वजन भरून चाचणी करावी लागते.

आता पाणी. बर्फ तयार होईल की नाही हे नुसत्या हवेच्या तापमानावर ठरत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जे दाखवतो, ते वेट बल्ब तापमान साधारण उणे २ अंशांच्या खाली हवे. हवा ० अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल तर ते उणे ४ च्या आसपास जाते आणि बर्फ होतो. हवा उणे १, पण आर्द्रता ९५ टक्के असेल तर होत नाही. एका हेक्टरवर ३० सेंटिमीटर थर म्हणजे ३००० घनमीटर बर्फ. त्याला १२०० ते १५०० घनमीटर पाणी लागते, वाऱ्यावर उडणारे वेगळे. हंगामाच्या तोंडाशी थंडीचे ७२ तासच मिळाले आणि १० हेक्टर झाकायचे असतील, तर पंपाने ताशी सुमारे १९० घनमीटर पाणी चढवले पाहिजे. आजोबांच्या काळात थंडी आठवडाभर टिकायची, म्हणून पाण्याच्या बारीक नळावर भागायचे. नातवाने पाण्याचे तुषार उडवून बर्फ करणाऱ्या नव्या बर्फतोफा घेतल्या आणि नळ तोच ठेवला, तर तोफा तहानलेल्याच राहतात. शिवाय ३०० मीटर उंचीपर्यंत पाणी चढवताना तळाच्या नळावर केवळ उंचीमुळे सुमारे ३० बार दाब येतो, त्यावर वरच्या तोफांना लागणारा दाब वेगळा. आतून गंजलेला नळ म्हणूनच बहुधा तळाशी फुटतो, तोही सगळ्या तोफा चालू असलेल्या रात्री. तोफा नंतर घ्या. आधी तळाच्या नळाची जाडी अल्ट्रासाउंडने मोजा.

पैशांचे एक पथ्य. हंगामभर चालणाऱ्या सीझन पासची रक्कम हंगामाच्या कितीतरी आधी जमा होते. तिने मागच्या वर्षीचा खड्डा बुजवायची सवय लागली की पुढचा बर्फहीन डिसेंबर कर्जावर काढावा लागतो. दोर, गिअरबॉक्स आणि नळ यांच्यासाठी वेगळे खाते हवे, आणि त्यातून भावंडांना लाभांश देता येणार नाही असे लेखी ठरलेले हवे. डोंगरावर काम न करणाऱ्या भावंडांचा हिस्सा कोणत्या सूत्राने, किती वर्षांत विकत घ्यायचा, हेही वडीलधारे हयात असताना ठरावे. अमेरिकेत अनेक रिसॉर्ट वनखात्याच्या जमिनीवर आहेत. तिथला परवाना जास्तीत जास्त ४० वर्षांचा असतो आणि नियंत्रण बदलले की तो आपोआप नव्या मालकाकडे जात नाही. मृत्युपत्रात डोंगर लिहून देणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

वारस नसेल तर मोठ्या कंपनीला विकणे हा एकच रस्ता नाही. अमेरिकेच्या व्हरमॉन्ट राज्यातले मॅड रिव्हर ग्लेन हे रिसॉर्ट १९९५ मध्ये तिथल्या स्कीपटूंच्या सहकारी संस्थेने घेतले. १९४८ ची एकेरी खुर्च्यांची लिफ्ट तिने २००७ मध्ये नूतनीकरण करून टिकवली. त्याच राज्यातले ओकेमो १९८२ पासून एका कुटुंबाकडे होते, ते २०१८ मध्ये मोठ्या कंपनीकडे गेले. विकण्यात कमीपणा नाही. फक्त निर्णय यंत्रे सुस्थितीत असताना व्हावा, कारण दोर बदलायला आलेल्या लिफ्टचा भाव घेणाराच ठरवतो.

ज्यांना डोंगर पुढच्या पिढीकडे सोपवायचाच आहे, त्यांना एक व्यवहाराची सूचना. हंगाम संपला की लगेच सोपवा, बर्फ पडायच्या तोंडावर नको. उन्हाळ्यात लिफ्ट उघडलेली असते, पकडी उतरवलेल्या असतात, नळ रिकामे असतात. नव्या मालकाने तो उन्हाळा मेकॅनिकबरोबर खांबांवर चढून काढावा आणि प्रत्येक नोंदीखाली स्वतः सही करावी.

आपले,
लिफ्ट व बर्फयंत्रणा देखभालीतील काही वाचक