रेल्वे हवीच, पण खोडदच्या दुर्बिणीचं आकाश राखून

मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार यांस,
सविनय नमस्कार.

पुणे–नाशिक रेल्वेचा नारायणगावमार्गे आखलेला मार्ग खोडदच्या जीएमआरटी या, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या, महाकाय दुर्बिणीमुळे अडला. तेव्हापासून आमच्या जुन्नर तालुक्यात एकच सवाल आहे: दुर्बीण मोठी की माणसं? नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन जाणाऱ्याला रेल्वे हवी असणारच. मलाही हवी आहे. तरीही दुर्बिणीपासून रूळ दूर ठेवण्याचा निर्णय योग्यच आहे, असं मी या तालुक्यात राहून म्हणतो.

खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश सुमारे 25 किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. 2010 ते 2012 या काळात तिने 150 मेगाहर्ट्झ या कमी रेडिओ वारंवारतेवर जवळपास 90 टक्के आकाश टिपलं. त्यातून रेडिओ लहरी सोडणाऱ्या सहा लाखांहून अधिक स्रोतांची यादी 2017 मध्ये जगासाठी खुली झाली. अतिदूरच्या रेडिओ दीर्घिका, म्हणजे केंद्रातल्या प्रचंड कृष्णविवरामुळे जोरदार रेडिओ लहरी सोडणाऱ्या दीर्घिका, अशाच याद्यांतून हुडकतात. कमी वारंवारतेला ठळक दिसणारा स्रोत जास्त वारंवारतेला झपाट्याने मंदावत असेल, तर तो फार लांबचा असण्याची शक्यता वाढते. मग 1400 मेगाहर्ट्झच्या अमेरिकी सर्वेक्षणाशी ताडून लाखोंतून मोजके निवडायचे आणि मोठ्या प्रकाशीय दुर्बिणींनी त्यांचं अंतर काढायचं. याच युक्तीने 1999 मध्ये सापडलेल्या एका दीर्घिकेचा प्रकाश निघाला, तेव्हा विश्वाचं वय जेमतेम 110 कोटी वर्षं होतं. एवढ्या लवकर एवढं प्रचंड कृष्णविवर कसं घडलं, हे अजून नीट उलगडलेलं नाही. ते उलगडायचं तर असे आणखी स्रोत हवेत.

विजेच्या गाडीच्या पेंटोग्राफवर, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या टपावरच्या सांगाड्यावर, ठिणगी उडते, तेव्हा रेडिओ लहरी अनेक वारंवारतांवर एकदम पसरतात. गाडीची बिनतारी यंत्रणा वेगळीच. अब्जावधी वर्षं प्रवास करून आलेला क्षीण संकेत त्या गोंगाटात बुडाला, तर संगणकाने तो पूर्णपणे परत मिळवता येत नाही. डोंगरांच्या आडोशाची ही शांत जागा मुद्दाम निवडलेली आहे, आणि 30 डिश उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

पण साहेब, हे गावाला कुणी समजावायचं? अडथळ्याची मोजमापं आणि तांत्रिक अहवाल मराठीत प्रसिद्ध करा. नारायणगावात जाहीर बैठक घ्या, शास्त्रज्ञ आणि रेल्वेचे अभियंते एकत्र बसवा. आणि पर्यायी मार्गावर जुन्नर-आंबेगावच्या शेतमालाला मालधक्का कुठे आणि कधी मिळणार, तेही त्याच बैठकीत सांगा.

आपला नम्र,
जुन्नर तालुक्यातील एक रहिवासी