फ्लूची लस पावसाआधी आणि परवडेल अशी मिळावी

महोदय,

पावसाळा सुरू झाला की बेळगाव-खानापूर भागात घरटी एक तरी जण तापाने अंथरूण धरतो. खानापूरहून येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये पाणी आत येते म्हणून सगळ्या काचा बंद; कोणी तोंडावर रुमाल न धरता खोकत असतो आणि शेजारी बाईच्या मांडीवर तान्हे मूल. ताप असलेल्याने दोन-चार दिवस घरी थांबावे, एवढे तरी पाळू या. मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक आणणेही थांबायलाच हवे; फ्लू विषाणूचा, त्यावर त्या गोळ्या चालत नाहीत.

खरा प्रश्न लसीचा आहे. विषाणू बदलत राहतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते आणि टोचल्यावर संरक्षण मिळायला साधारण दोन आठवडे जातात. म्हणजे मे महिन्यातच सोय हवी. पण खासगी दवाखान्यात एका डोसला दीड-दोन हजार मोजायचे, तर निपाणीच्या विडी कामगार बाईने किंवा वडगावच्या विणकराने ते कुठून आणायचे? गोवर, पोलिओच्या लसी सरकार मोफत देते, फ्लूची त्यात नाही. निदान गरोदर महिला, वृद्ध आणि दमा-मधुमेहाच्या रुग्णांना प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत द्यावी. तोवर पतसंस्था आणि युवक मंडळांनी एकत्र मागणी नोंदवून वितरकाकडे दर कमी करून मागावा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गल्लीत शिबिरे भरवावीत. त्याची माहितीपत्रके मराठीतूनही काढावीत, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती स्वतः वाचता येतील.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव