खोली बांधण्याआधी

इंदिरानगर, नाशिक
२० ऑगस्ट

प्रिय अरविंद,

बालवाडीच्या खोलीबद्दल व्हॉट्सॲपवर तू दोन ओळींत विचारलंस आणि मी नुसतं ‘लिहितो’ म्हणालो. एवढं सगळं अंगठ्याने टाइप होणारं नाही, म्हणून सरळ कागद घेतला. बाहेर सकाळपासून भुरभुर चालू आहे, आज कोणी पालक यायचे नाहीत, तेव्हा वेळही आहे.

अण्णांच्या नावाने गावात बालवाडीची खोली बांधायची असं तुम्हा भावांचं जवळजवळ ठरलंय. परवा बापूने मला देवळामागची जागा दाखवली. भिंतींचा रंग ठरलाय, दारावरच्या फरशीवर अण्णांचं नाव कसं कोरायचं तेही ठरलंय. माझं मत असं की खोली बांधू नका. चिडू नकोस, पुढचं वाच.

त्या खोलीत येतील ती पोरं तीन वर्षांच्या पुढची. त्यांच्यासाठी गावात अंगणवाडी आहेच. गळकी असेल तर पत्रे बदलून द्या. ज्या वयासाठी, म्हणजे तिनाच्या आतल्या पोरांसाठी, तू पैसे काढतोयस ते वय खोलीत येऊन बसत नाही, ते आईच्या कडेवर असतं. बाळंतीण घरी आली की आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते. मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. तिथे तिच्या ठरलेल्या फेऱ्या संपतात. अंगणवाडीतलं शिकवणं सुरू होतं तिसऱ्या वर्षापासून. त्याआधी वजन, लस आणि घरी न्यायच्या शिध्याची (टीएचआर) पाकिटं. म्हणजे पंधरा महिने ते तीन वर्षं, ज्या काळात पोर चालतं, बोलतं, प्रत्येक वस्तूला हात घालतं, नेमक्या त्याच काळात त्याच्याशी कसं खेळायचं हे आईला घरी येऊन दाखवणारं कोणी नाही. २०२४ मध्ये केंद्राने ‘नवचेतना’ नावाचा आराखडा काढला, जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, त्यात १४० कृती दिल्यात. मी वाचलाय, चांगला आहे. पण त्या करून घेणार कोण? तीच सेविका, जिचा अर्धा दिवस मोबाइलवरचं पोषण ट्रॅकर ॲप भरण्यात जातो.

तुला द्राक्षवाल्याच्या भाषेत सांगतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीवर किती घड दिसणार हे एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच काडीवरच्या फुटव्याच्या डोळ्यात ठरून गेलेलं असतं, आणि तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. बापू त्या दिवसांत पाणी आणि खतं किती जपून देतो, आठव. पोराच्या पहिल्या तीन वर्षांचं तसंच आहे.

आता बागेवरच आलोय तर तिथलंच बोलू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. तुमच्याकडे छाटणीपासून काढणीपर्यंत मजुरांच्या ज्या टोळ्या येतात त्या पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातल्या. बायका घडांच्या विरळणीला, घड औषधात बुडवायला (डिपिंगला) लागतात आणि बांधावरच्या झाडाला लुगड्याच्या झोळ्या टांगलेल्या असतात. दीड-दोन वर्षांचं पोर सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात. ही मुलं तुमच्या गावच्या यादीत नाहीत. त्यांच्या गावच्या यादीत आहेत, पण हंगामात तिथे ती नसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं, जन्मजात दोष, वाढीतला उशीर सगळं बघतं. पण पथक पेठला आणि पोर इकडे दिंडोरीला, तुमच्या बागेत.

गेल्या हंगामात तुमच्या शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला आणि झोळ्यांतली सगळी पोरं दचकून रडायला लागली. एक दोन वर्षांची मुलगी मातीत खेळत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही. आई म्हणाली, “हट्टी आहे, हाक मारली तरी बघत नाही.” मी मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या, डबा वाजवला, काही नाही. बाळ ऐकतं की नाही हे पहिल्या महिन्यात तपासावं, तीन महिन्यांपर्यंत निदान व्हावं आणि सहा महिन्यांपर्यंत कानाचं यंत्र, उपचार सुरू व्हावेत असा दंडक आहे. ही पोर दोन वर्षांची झाली होती. अशा मुलांची तपासणी आणि उपचार होतात त्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्यायचं ठरलं, पण तपासणीची तारीख येईपर्यंत टोळी परत गेली. मुकादमाचा फोन लागत नाही.

म्हणून खोलीऐवजी माणसावर पैसे घाला. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जमैकात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या बालविकासाच्या संशोधकांनी किंग्स्टनच्या गरीब वस्तीतली खुरटलेली १२९ मुलं घेतली, वयं ९ ते २४ महिने. काहींच्या घरी आरोग्य केंद्राची साधी कार्यकर्ती दर आठवड्याला तासभर जायची, अशी दोन वर्षं. घरच्या टाकाऊ वस्तूंची खेळणी न्यायची आणि आईला पोराशी बोलायला, खेळायला शिकवायची. काहींना नुसता दुधाचा पुरवठा दिला. वीस वर्षांनी पाहिलं तर खेळ मिळालेल्या गटाची कमाई तसा खेळ न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या दुधाने कमाईत तसा फरक पडला नाही. दूध देऊ नये असं मी म्हणत नाही. भुकेलं पोर खेळत नाही हे मला रोज दिसतं. पुढे ओडिशाच्या खेड्यांत घरभेटी आणि आयांचे गट अशी तुलना केली तेव्हा दोन्हींनी मुलांची समज जवळपास सारखीच वाढली, आणि गटाला खर्च कमी आला. बागेत तर गट आयताच जमलेला असतो.

तेव्हा असं करा. टोळीतलीच थोडी शिकलेली, बोलकी बाई निवडा आणि तिला पूर्ण हंगामाची रोजी द्या. ती त्यांच्यातली हवी, कारण पोरांची घरची भाषा कोकणा आहे. आपल्या पुस्तकी मराठीला ती नुसती टकमक बघत राहतात. तिला शिकवायचं काम माझं, पैसे नकोत. दुपारच्या सुट्टीला जोडून आयांना अर्धा तास बसवायचं. यातली मेख बापूला आधी समजावून सांग: काम उक्तं असतं, एकरावर. बायका अर्धा तास बसल्या तर तेवढी मजुरी टोळीची बुडते. तो अर्धा तास तुम्ही भरून द्यायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणी येणार नाही. सामान फार लागत नाही. बूच चिकटवून बंद केलेल्या बाटलीत ज्वारी, एकात एक बसणारे डबे, चिंध्यांचा चेंडू, जाड पानांची चित्रं. मणी किंवा खडे अजिबात नकोत, पोरं तोंडात घालतात.

अंगणवाडीशी भांडण नको. उलट सेविकाबाईंना आधीच विश्वासात घे, म्हणजे पोरांची वजनं आणि लशी त्यांच्याकडे होतील, आणि पथक गावात येईल तेव्हा बागेतली मुलंही नेता येतील. एखादं पोर वाढीत अडलेलं दिसलं तर तारीख मिळवून टोळी परतायच्या आत तपासणी करायची, गाडी तुमची. पोर पेठला गेलं तरी तपासणीचा कागद त्याच्या मागोमाग तिथल्या अंगणवाडीत पोचला पाहिजे.

बापू म्हणेल, हे नवं काय खूळ. त्याला सांग, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला हेच केलं होतं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. आणि तो विचारेल, मग अण्णांचं नाव कुठे लावायचं? खेळण्यांची पत्र्याची पेटी असेल, तिच्यावर रंगवा. वर्षभर बागेबागेतून फिरेल. गुळगुळीत फरशीचा हट्ट मुळात तुझ्या काकांचा आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांना मी बघतो.

छाटणी ऑक्टोबरात, म्हणजे बाई निवडायला आणि शिकवायला सप्टेंबरच हातात आहे. बापूशी तूच बोल, माझं तो हसण्यावारी नेतो. शनिवारी येणार असशील तर कळव, दोघं मिळून मुकादमाला गाठू. वहिनींना नमस्कार, चिन्मयच्या परीक्षेचं काय झालं तेही लिही.

तुझा,
विनायक