धारेवरच्या वाटेला एकच श्रेणी पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कातळधारांवरून, म्हणजे डोंगराच्या अरुंद, दोन्ही बाजूंनी तुटलेल्या माथ्यांवरून, फिरून पुन्हा पायथ्याशी आणणाऱ्या डोंगरवाटांवर लेख आला होता. लेख वाचनीय, छायाचित्रे तर देखणीच. पण सोबतच्या चौकटीत अंतर, उंची, लागणारे तास आणि ‘श्रेणी : मध्यम ते कठीण’ एवढेच होते. अशा धारेवर आपण जावे की नाही हे वाचकाला त्यावरून ठरवता येत नाही. पहिल्या तीन गोष्टी अपुऱ्या आहेत आणि चौथी तर चक्क फसवते, म्हणून हे पत्र.

धारेवर दोन गोष्टी निरनिराळ्या मोजाव्या लागतात. चढाय-उतरायला कातळ किती अवघड आहे ही एक, आणि पाय सुटला तर पुढे काय होईल ही दुसरी. सपाटीवरच्या वाटेत दुसऱ्या प्रश्नाला फारसा अर्थ नसतो. धारेवर मात्र बहुतेक वेळा तोच खरा प्रश्न असतो. चालायला अगदी साधी, हातभर रुंद, भक्कम कातळाची पट्टी असते आणि दोन्ही अंगांना दरी. ती पार करायला ताकद लागत नाही, कसबही फार लागत नाही. चूक करायची मुभा मात्र नसते. ट्रेकर मंडळी याला एक्सपोजर किंवा दृष्टिभय म्हणतात. याउलट खोल घळीतला दहा फुटांचा रॉकपॅच (उभा कातळटप्पा) चढताना दमछाक होईल, पण घसरलात तर गुडघा सोलवटून परत पहिल्या पायरीवर याल. आपल्या चौकटीत या दोन्ही जागांना एकच ‘कठीण’ मिळतो.

वेल्समधल्या स्नोडन डोंगरावरच्या ‘स्नोडन हॉर्सशू’ या वाटेचे उदाहरण घ्या. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या या फेरीत 923 मीटर उंचीची क्रिब गॉख ही धार लागते, पुढे 1085 मीटरचा स्नोडनचा माथा, आणि मग दुसऱ्या बाजूच्या कड्यावरून परत. ब्रिटनमध्ये हात लावून चढायच्या कातळवाटांना 1 ते 3 अशा श्रेणी देतात. क्रिब गॉख त्यात 1, म्हणजे सर्वांत सोपी. पकडी मोठ्या आहेत, पायाला जागा आहे, त्यामुळे श्रेणी चुकीची नाही. पण नुसता आकडा वाचून गेलेला माणूस उत्तरेकडे तुटलेला कडा पाहून जागीच बसतो, आणि बसलेल्या माणसाला धारेवरून हलवणे हे चढण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. त्यात भर म्हणजे स्नोडनच्या साध्या पायवाटेला खालच्या खिंडीत क्रिब गॉखचा फाटा फुटतो. लक्ष नसलेला माणूस तिथून सरळ वर चढत जातो आणि आपण वाट चुकलो हे त्याला कातळ सुरू झाल्यावर कळते.

अमेरिकेत सिएरा क्लब या डोंगरप्रेमींच्या संस्थेने 1937 मध्ये रूढ केलेली वर्गवारी यापेक्षा थोडी प्रामाणिक वाटते. तिच्या तिसऱ्या वर्गात हातांचा आधार लागतो. चौथ्या वर्गात कातळ अजूनही फार अवघड नसतो, पण पडलात तर जीव जाऊ शकतो, आणि पुष्कळ जण तिथे दोर लावतात. म्हणजे पडण्याचा परिणाम श्रेणीतच धरलेला आहे. मला सर्वांत आवडते ती स्वित्झर्लंडची पद्धत. तिथे वाटांना टी 1 ते टी 6 अशी श्रेणी असते आणि ती वाटेवरच्या रंगांतही दिसते. साध्या वाटांना पिवळी खूण, डोंगरी वाटांना पांढरा-लाल-पांढरा पट्टा आणि टी 4 पासून पुढच्या आल्पाइन वाटांना पांढरा-निळा-पांढरा. निळा पट्टा दिसला की इथून पुढे हात लागणार आणि दृष्टिभय असणार, हे भाषा न कळणाऱ्यालाही कळते.

फेरीची वाट आणखी एका बाबतीत वेगळी आहे. आल्या वाटेने परतायचे असेल तर निदान परतीचा रस्ता पाहिलेला असतो, आणि मन बदलले की पाठ फिरवता येते. वर्तुळात मात्र अर्धी धार ओलांडली की पुढे जाणे आणि मागे जाणे सारखेच लांब. मधून खाली उतरायच्या जागा आहेत का, हे म्हणूनच सांगायला हवे. स्कॉटलंडच्या ग्लेन्को खोऱ्यातली एनाख एगाख ही धार या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. मधल्या टप्प्यात दक्षिणेकडे सुरक्षित उतरवाट नाही, आणि शेवटी क्लॅखेग घळीच्या बाजूने उतरण्याचा मोह टाळा, असे जाणकार बजावतात. ही धार बहुधा पूर्वेकडून पश्चिमेकडे करतात. तसे गेल्यास पहिलाच मोठा टप्पा ॲम बोडख या शिखरावरून खाली उतरण्याचा आहे, आणि अनेकांना तोच सर्वांत जड जातो. एका परीने ते बरेच आहे, कारण तिथे जमले नाही तर मागे फिरता येते.

उतरण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण चौकटीत त्याचा उल्लेखही नसतो. चढताना पकड डोळ्यांसमोर असते आणि पाय शरीराला वर ढकलतात. उतरताना पाय कुठे टेकवायचा ते आपलेच पोट आणि पाठपिशवी झाकून टाकतात, मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि दिवसभराचा थकवा नेमका तिथे बाहेर येतो. तोंड दरीकडे करून उतरायचे की कातळाकडे, हाही निर्णय असतो. उतार उभा झाला की कातळाकडे वळावेच लागते, पण अनेक जण लाजेपोटी वळायला उशीर करतात. झाडावर चढलेल्या मांजराची गत माणसाचीही होते, फक्त मांजराला त्याची लाज वाटत नाही. म्हणून फेरी कोणत्या दिशेने केली असता अवघड कातळ चढणीला येतो, हे लिहिणे चैनीची गोष्ट नव्हे. हॉर्सशूची फेरीही बहुतेक जण क्रिब गॉखपासून सुरू करतात. कातळ चढणीला येतो, आणि तोही पाय ताजे असताना.

आता तासांचे. डोंगरात वेळ काढण्याचे जुने सूत्र स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये दिले. दर तीन मैलांना एक तास, आणि दर 2000 फूट चढाईला आणखी एक तास. पायवाटेवर ते आजही बऱ्यापैकी चालते, कातळावर नाही. हॉर्सशूची फेरी सुमारे 12 किलोमीटरची, चढाई 1000 मीटरच्या आसपास. सूत्राने चार तासांचे काम, प्रत्यक्षात सहा-सात सहज जातात. धारेवर माणसे एकामागोमाग एक चालतात, पुढच्याचा पाय जिथे अडतो तिथे सगळी रांग थांबते, आणि समोरून दुसरा गट आला तर एकमेकांना वाट द्यायला रुंद जागा शोधावी लागते. दहा जणांच्या गटाला लागणारा वेळ दोघांच्या वेळेवरून काढता येत नाही. लेखातले ‘साडेचार तास’ कोणाचे होते?

हवामानाबद्दल आपल्या लेखात ‘पावसात टाळावे’ असे अर्धे वाक्य होते. पाऊस थांबल्यानंतरचे काय? कातळावरचे शेवाळ आणि दगडफूल ओले असेपर्यंत तीच पकड तीच राहत नाही. वाऱ्याचा तर उल्लेखच नव्हता. खिंडीतून वर येणारा झोत धारेवर अचानक लागतो, आणि एका पायावर तोल असताना तेवढे पुरते. दुसरे असे की, घाबरलेला माणूस कातळाला बिलगतो. तिरक्या कातळावर असे बिलगले की वजन पायांवर नीट येत नाही, तळव्याची घट्ट पकड कमी होते आणि पाय सुटायची शक्यता वाढते. सरळ उभे राहा, असे त्याला सांगणे सोपे आहे. त्या क्षणी त्याला ते पटणे कठीण.

लेखात एका ठिकाणी ‘सोबत दोर असावा’ असा सल्ला आहे. तो तेवढाच छापणे मला धोक्याचे वाटते. दोर कातळाला कुठेही न अडकवता चौघांच्या कमरेला बांधला, तर एकाच्या घसरण्याने चौघे जातात. दोघा-तिघांना आखूड दोरावर धरून धारेवरून नेणे ही कसलेल्या मार्गदर्शकाची विद्या आहे, आणि ती पिशवीत दोर असण्याने येत नाही. बिले कसा द्यायचा (चढणाऱ्याचा दोर धरून त्याला कसे सांभाळायचे), अँकर कुठे घ्यायचा (दोर कातळाला कुठे पक्का अडकवायचा) हे येत नसेल तर दोर हे नुसते वजन. त्यापेक्षा हेल्मेट असावे असे लिहिले असते तर बरे झाले असते. वरच्याच्या पायाखालून निसटलेला दगड खालच्याला शोधत येतो, आणि घसाऱ्याच्या, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या घळीत तर हे हमखास घडते.

अशा जागी साखळ्या-रेलिंग लावून टाका, अशी सूचना याच लेखावरच्या काही पत्रांत वाचली. मला ती पूर्णपणे पटत नाही. अमेरिकेच्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या हाफ डोम या कातळशिखरावर शेवटच्या 400 फुटांसाठी 1919 मध्ये तारदोर बसवले गेले. आधाराने गर्दी वाढली आणि गर्दीनेच तो टप्पा धोक्याचा झाला. शेवटी 2010 पासून परवाने आले. तिथल्याच झायन राष्ट्रीय उद्यानातल्या एंजल्स लँडिंग या कातळधारेला साखळ्या आहेत, तरीही 1 एप्रिल 2022 पासून तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही. साखळी हाताला आधार देते, पण आपल्याला हे झेपेल का या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ते घरी, वर्तमानपत्र वाचतानाच मिळायला हवे.

कोणी म्हणेल, एवढे लिहिले तर लोक घाबरून जाणारच नाहीत. काही जण जाणार नाहीत, हे खरे. ज्यांनी जायला नको त्यांतलेच ते असतील, असे मला वाटते. बाकीच्यांना उलट हुरूप येतो. अवघड टप्पा कुठे आहे, केवढा आहे आणि तो टाळून खालून ट्रॅव्हर्स मारता येतो का, म्हणजे आडवे जाता येते का, हे ठाऊक असलेला माणूस त्या टप्प्यावर अधिक शांत असतो. त्या शांतपणातच धारेवरचा आनंद घेता येतो. वारा, उजेड, दोन्ही बाजूंना एकाच वेळी दिसणारी दोन खोरी हे सगळे तिथे आहेच, आणि ते मलाही हवे असते.

तेव्हा विनंती अशी की, पुढच्या वेळी चौकटीत कातळाची अवघडता आणि दृष्टिभय या दोन श्रेणी वेगळ्या द्याव्यात. फेरीची दिशा आणि तिचे कारण, सर्वांत अवघड टप्पा चढणीला आहे की उतरणीला, धार सुरू झाल्यावर माघारीची शेवटची जागा कोणती, आणि दिलेला वेळ किती जणांच्या गटाचा आहे, हेही असावे. जागेची अडचण असेल तर छायाचित्र दोन बोटे लहान करावे. तसेही ते धारेच्या सर्वांत अरुंद जागीच काढलेले असते, आणि त्याच्या अलीकडचा सुट्या दगडांचा, न देखणा, खरा त्रासदायक उतार त्यात कधीच येत नाही.

आपला,
एक डोंगरवेडा वाचक