खालीची मात्रा

कोथरूड, पुणे
१४ जुलै

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, त्याचं कारण एक गिटार आहे. हसून घे आधी. भाचा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि त्याची गिटार आमच्या कपाटावर धूळ खात पडली. ती खाली काढली आणि सदाशिव पेठेत एका सरांकडे आठवड्यातून दोनदा जायला लागलो.

मला वाटलं होतं, अवघड काम डाव्या हाताचं. बोटांची टोकं हुळहुळतात खरी, पण जी, ई मायनर, सी, डी एवढ्या चार कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) महिन्याभरात जमतील अशा आहेत. खरी फजिती उजव्या हाताने केली. पहिल्याच दिवशी पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, सुटून गिटारच्या पोटात गेलं. ते काढायला गिटार उलटी धरून सर आणि मी आळीपाळीने हलवत बसलो. मग त्यांनी पातळ पिक दिलं आणि अंगठा नि तर्जनीत टोक जेमतेम बाहेर राहील असं धरायला लावलं. माझा हात कोपरापासून चालायचा. सर म्हणाले, "नारळ खवताय का? हात धुतल्यावर पाणी झटकता ना, तसं मनगट सोडा."

पंधरा दिवस कॉर्ड बंद. डावा हात तारांवर नुसता ठेवायचा, म्हणजे सूर दबतो आणि फक्त छक-छक ऐकू येतं. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर. ठोक्याला हात खाली, दोन ठोक्यांच्या मधे वर. वर येताना सहाही तारा ओरबाडायच्या नाहीत, खालच्या दोन-तीन पातळ तारांना पिक लागलं तरी पुरे. (बायकोने या काळात टीव्हीचा आवाज वाढवला, एवढंच सांगतो.)

मग आला तो सगळ्यांना शिकवतात तो पॅटर्न: डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप. तो मला जमेना. मधल्या दोन 'अप'च्या फटीत माझा हात थांबायचा आणि पुन्हा निघताना हमखास उशीर व्हायचा. सर एकच घोकत होते: हात थांबवू नका, तो खाली जाऊ दे, फक्त तारांना लावू नका. कळत होतं, वळत नव्हतं.

आणि एका रात्री तू आठवलास. तू तबल्याच्या क्लासला आत, मी बाहेर कट्ट्यावर दोघांच्या सायकली सांभाळत. धा गे ना ती, न क धी न. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून तो आठ मात्रांचा केरवा ताल माझ्याही डोक्यात बसला होता. कागदावर आठ मात्रा लिहिल्या, खाली स्ट्रोक मांडले. पहिलीला डाऊन, दुसरी रिकामी, तिसरी-चौथीला डाऊन-अप, पाचवी रिकामी, मग अप-डाऊन-अप. पाचवी रिकामी! अरे, केरव्याची खाली, म्हणजे बिनटाळीची जागा, पाचव्याच मात्रेवर ना? तू हाताने ताल धरायचास तेव्हा टाळी न देता हात नुसता बाजूला उघडायचास, पण हलवायचास. तसाच माझा हात तिथे तारांना न लागता खाली जायला हवा होता. मी खालीला थांबत होतो, बस.

दुसऱ्या दिवशी तोंडाने बोल म्हणत वाजवलं आणि बसलं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "तबल्याचं मला काही कळत नाही, पण आता कॉर्ड बदला." कॉर्ड बदलताना अजून धडपडतो. आठव्या मात्रेला बोटं उचलली आणि मोकळ्या तारा वाजल्या तरी खपतं, ही त्यांचीच युक्ती. डीला मात्र वरच्या दोन जाड तारा सोडायच्या असतात, ते अजून विसरतो.

इकडे नदीपात्रात ढोल-ताशांचे सराव सुरू झालेत, संध्याकाळी पुलावरून जाताना ऐकू येतात. ताशेवाल्यांची मनगटं बघत उभा राहतो आता, घरी जायला उशीर होतो.

गणपतीत येशील तेव्हा तबला-डग्गा गाडीत टाक. मी चार कॉर्ड फिरवीन, तू साधा केरवा धर. लग्गी, म्हणजे ते जलद खेळकर बोल, सुरू केलीस तर मात्र मी गिटार खाली ठेवीन, आत्ताच सांगून ठेवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सायकलवाला